झाड छाटणाऱ्याच्या हाती काय हवे?

मे महिना सरत आला की मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर एक ठरावीक सूचना झळकू लागते. पावसाळा तोंडावर आला असल्याने आवारातील झाडांची छाटणी करण्यात येणार आहे, तरी सभासदांनी आपापली वाहने हलवावीत. सूचनेत वाहनांची काळजी असते. झाडाची नसते, आणि झाडावर चढणाऱ्या माणसाची तर नसतेच. ठरल्या दिवशी सकाळी दोन-तीन माणसे येतात. एकाच्या कमरेला कोयता, दुसऱ्याच्या खांद्यावर दोराचे वेटोळे. संस्थेचे चिटणीस खालून हात करून ‘ही फांदी, ती फांदी’ असे दाखवितात. तिसऱ्या मजल्यावरून कोणी ‘आमचा उजेड अडतो’ म्हणून आणखी एका फांदीची भर घालतात. लाकूड कोणी न्यायचे यावर थोडी घासाघीस होते आणि कामाला आरंभ होतो. दुपारपर्यंत भरगच्च पर्जन्यवृक्षाचा नुसता सांगाडा उरतो. या सगळ्यात परवानगीचा कागद कोणी विचारलेला नसतो आणि फांदी नेमकी कोठे तोडायची, हेही कोणी कोणाला विचारलेले नसते.

इंग्लंडमध्ये या धंद्याला ‘ट्री सर्जन’ असे भारदस्त नाव आहे आणि नावाबरोबर जबाबदारीही आहे. तेथे यांत्रिक करवतीने झाडावर काम करणाऱ्या व्यावसायिकाला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, आणि झाडावरचे काम कसे करावे याचे राष्ट्रीय मानक १९६६ सालीच प्रसिद्ध झाले. आपल्याकडे सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’चा दाखला सभासमारंभांतून अभिमानाने दिला जातो, फांदीवर बसलेल्या माणसाला मात्र साधा कमरपट्टाही मिळत नाही. वस्तुतः तो जे काम करतो ते शस्त्रक्रियेचेच आहे. ते चुकले तर झाड मरते, कित्येकदा माणूस मरतो आणि प्रकरण चौकीवर गेले तर आरोपींच्या यादीत बहुधा त्याचेच नाव आधी लागते.

झाड पडण्याची भीती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. २०१७ च्या जुलैत चेंबूरमध्ये रस्त्याने चालणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडावे अशी मागणी रहिवाशांनी आधी केली होती व ती मान्य झाली नव्हती, हे पुढे वृत्तपत्रांतून उघड झाले. अशा घटनेनंतर सरसकट सगळीच झाडे बोडकी करावीत अशी मागणी होणे स्वाभाविक आहे. परंतु मुंबईतील गणनेने २०१८ साली नोंदविलेली झाडे सुमारे २९ लाख ७५ हजार भरली. त्यांतले धोक्याचे कोणते आणि बिनधोक कोणते, हे ठरविण्यासाठी कोयता नव्हे, डोळा लागतो.

हा डोळा कोठे फिरवायचा? बहुतेकांची नजर वर, फांद्यांकडे जाते. जाणकार आधी बुंध्याकडे पाहतो. बुंध्याच्या तळाशी किंवा मुळांवर अळंबी उगवली असेल, तर आतले लाकूड कुजत असल्याची ती खूण समजावी. झाडाच्या एका बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसली, तर मुळांचा आधार सुटू लागला आहे असे समजावे. झाड जन्मापासून तिरके असेल तर फारशी चिंता नाही, पण काल सरळ असलेले झाड आज कलले असेल तर त्याच्याखाली कोणाला उभे राहू देऊ नये. लाकडी मोगरीने बुंधा ठोकून पाहिला असता पोकळ जागा वेगळा आवाज देते. दोन जाड फांद्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या अरुंद कोनात फुटल्या असतील आणि त्यांच्यामध्ये साल दबून आत गेली असेल, तर तो सांधा वरून धडधाकट दिसला तरी आतून जुळलेला नसतो; वादळात झाड बहुधा तेथेच चिरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जमिनीखाली असते. मोठ्या झाडाचे मूळ तेवढेच खोल पाताळात गेलेले असते, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. बहुतेक झाडांची बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरलेली असतात. वाहिनी टाकण्यासाठी पदपथालगत खणलेला चर ही मुळे एका बाजूने सपाट कापून काढतो. त्यानंतर बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतले जाते; मुळांना हवा मिळत नाही, पाणी मिळत नाही. दोन-तीन पावसाळे झाड तग धरते आणि मग जुलैतल्या एखाद्या रात्री, माती भिजून सैल झालेली असताना, वाऱ्याच्या एका झोताबरोबर मुळांसकट उलथते. दुसऱ्या दिवशी पंचनाम्यात ‘अतिवृष्टी व सोसाट्याचा वारा’ असे कारण लिहिले जाते; चर खणणाऱ्याचे नाव त्यात येत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. पुढे अन्य शहरांतूनही त्या आदेशाचा हवाला दिला गेला. संस्थेच्या आवारात फरशी घालणाऱ्या गवंड्याला हा एक मीटर आधी आखून दिला, तर छाटणीवरचा पुढचा पुष्कळ खर्च वाचेल.

आता छाटणीच्या कामाकडे वळू. झाडाचा शेंडा उडवून ते ‘हलके’ करणे ही आपल्याकडील सर्वमान्य रीत आहे आणि तीच सर्वांत घातक आहे. शेंडा उडाला की झाड घाबरून, असे म्हणायला हरकत नाही, खाली असंख्य धुमारे फोडते. हे धुमारे भराभर वाढतात. पण ते जुन्या फांदीसारखे लाकडात खोलवर रुजलेले नसतात, वरच्या थरातून फुटलेले असतात. शिवाय शेंड्याची मोठी उघडी जखम कुजत जाते. म्हणजे चार-पाच वर्षांनी त्याच उंचीवर पुन्हा तेवढेच वजन येते, फरक इतकाच की आता ते कुजक्या आधारावर असते. जे झाड धोकादायक नव्हते ते अशा रीतीने धोकादायक केले जाते. एका बाजूचा उजेड मोकळा करण्यासाठी फक्त त्याच बाजूच्या फांद्या उतरविल्या तर तोलही जातो. जिवंत पालवीचा साधारण चौथा हिस्सा, ही एका वेळच्या छाटणीची वरची मर्यादा समजावी. म्हाताऱ्या झाडाला तेवढेही सोसत नाही.

फांदी कोठे कापावी याविषयी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा विचारपालट झाला. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शिगो या संशोधकाने यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरून जुन्या जखमांच्या आत पुढे काय घडले ते पाहिले. त्यातून निघालेला निष्कर्ष १९७७ साली त्याने सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला. माणसाची जखम भरते, तेथे नव्या पेशी जुन्यांची जागा घेतात. झाडाची जखम भरत नाही. झाड ती आतल्या आत कोंडून टाकते. जखमेभोवती ते जणू भिंती उभारते, कूज त्या भिंतींपाशी अडते आणि बाहेरून नवे लाकूड त्यावर चढत जाते. भिंत मजबूत व्हायची तर झाडाला ती बांधण्याची जागा शाबूत राहिली पाहिजे. ही जागा म्हणजे फांदी जेथे खोडाला मिळते तेथला किंचित फुगीर कडा. इंग्रजीत त्याला कॉलर म्हणतात. सदऱ्याच्या गळपट्टीसारखा तो फांदीला वेढून असतो. थोडे निरखले तर आंबा, वड, चिंच यांच्यावरही दिसतो.

पूर्वीचे माळी फांदी खोडाला घासून सपाट कापीत; ते काम स्वच्छ दिसे. पण त्यात हा कडाच कापला जातो आणि कुजीला थेट खोडात वाट मिळते. याच्या उलट, घाईतला कोयतेवाला हातभर खुंट मागे सोडतो. तो खुंट वाळतो, किडतो आणि कूज हळूहळू आत उतरते. योग्य काप या दोहोंच्या मध्ये, फुगीर कड्याच्या लगेच बाहेर असतो. जाड फांदी एका घावात उतरवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर आधी खालच्या बाजूने करवत घालून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत काप घ्यावा. मग त्याच्या थोडे बाहेर वरून कापावे, म्हणजे फांदी आपल्याच वजनाने तुटताना खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेला खुंट शेवटी कड्याबाहेर नेमका उतरवावा. या तीन कापांना एका घावापेक्षा दहा मिनिटे जास्त लागतात. ठेका झाडागणिक दिलेला असेल तर ती दहा मिनिटे कोणी खर्चणार नाही, हा दोष कोयतेवाल्याचा नव्हे, ठेक्याचा आहे.

कापलेल्या जागी डांबर, रंग किंवा गेरू फासण्याची प्रथाही शिगोच्या निरीक्षणात टिकली नाही. लेपाखाली ओल राहते आणि कूज काही थांबत नाही. बागायतदार फळझाडांच्या कापांवर बोर्डो मलम लावतात ते विशिष्ट बुरशीवर असते; तो प्रकार निराळा. सावलीच्या झाडाचा काप नीट घेतला असेल तर तो उघडा ठेवणेच बरे. नारळ, सुपारी, ताड यांना तर हे काहीच लागू नाही. त्यांचे खोड जाडीने वाढत नाही आणि पडलेली खाच कधी बुजत नाही. वाढीचा एकुलता एक कोंब शेंड्यात असतो. तो कापला की झाड संपले. तेथे वाळलेल्या झावळ्या व नारळ उतरविणे एवढेच छाटणीचे काम.

ऋतूचाही प्रश्न आहे. वाळलेली किंवा लोंबकळणारी फांदी केव्हाही काढावी. परंतु मोठी, विचारपूर्वक करावयाची छाटणी पावसाच्या तोंडावर करणे म्हणजे ताज्या जखमा घेऊन झाडाला चार महिने ओलीत उभे करणे होय. हे काम दिवाळीनंतर, कोरड्या थंडीच्या दिवसांत करता येते. तेव्हा माणसेही मिळतात आणि परवानगीलाही अवधी मिळतो. सगळ्या शहराने एकाच पंधरवड्यात करवती उगारण्यामागे शास्त्र नाही, केवळ सवय आहे.

परवानगीचा विषय निघाला की ‘झाड आमचे, जमीन आमची’ हा युक्तिवाद हमखास होतो. महाराष्ट्रातील शहरांपुरता तो १९७५ सालीच निकालात निघाला आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ याच्या आठव्या कलमानुसार कोणीही झाड तोडू नये किंवा तोडवून घेऊ नये, मग जमीन त्याच्या मालकीची असो वा नसो. ‘तोडवून घेऊ नये’ हे शब्द संस्थेच्या कार्यकारिणीसाठी आहेत, आणि ‘तोडू नये’ हे करवत धरणाऱ्यासाठी. ‘मला चिटणिसांनी सांगितले’ एवढ्या उत्तराने दुसरा सुटत नाही. तोडणे या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे: जाळणे, कापणे, किंवा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सर्व त्यात येते. बुंध्याभोवती साल गोलाकार सोलणे, मुळांत आम्ल ओतणे असले रात्रीचे उद्योग त्यातून सुटत नाहीत. आणि छाटणीच्या नावाखाली झाडाचा खांब करून ठेवणेही सुटू नये. प्रत्येक झाडाचा गुन्हा वेगळा धरला जातो आणि शिक्षेत दंडाबरोबर कैदही आहे.

कायदा अडवणुकीसाठीच आहे असेही नाही. झाड मेलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले असेल, जीविताला वा मालमत्तेला धोका असेल, रहदारीला अडथळा होत असेल, तर परवानगी नाकारू नये अशी तरतूद त्याच कलमात आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करावयाचा. चौकशी होते, झाडावर नोटीस लागते, वृत्तपत्रातून हरकती मागविल्या जातात. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचा दंडक घातला. साहजिकच झाडाचे वय हा आता वादाचा विषय होणार. म्हणून अर्जासोबत छातीच्या उंचीवरचा बुंध्याचा घेर आणि चारी बाजूंची छायाचित्रे जोडून ठेवणे शहाणपणाचे. नुसत्या छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घेण्याची रीत आहे, आणि तिची प्रत झाडावर चढणाऱ्याला दाखविली गेली पाहिजे. किंबहुना ती पाहिल्याखेरीज त्याने दोर टाकू नये. गावात हा कायदा नाही, परंतु तेथे १९६४ चा झाडे तोडण्याच्या विनियमनाचा कायदा आहे, आणि अनेक जातींचे तोडलेले लाकूड गाडीत घालून न्यायचे तर वाहतूक परवानाही लागतो.

शेजाऱ्याची फांदी आपल्या हद्दीत आली तर ती हद्दीपर्यंत छाटता येते, हा नियम इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मान्य केला आणि वकील मंडळी तो येथेही उद्धृत करतात. पण तो दोन शेजाऱ्यांतील भांडणापुरता. शहरात झाडाला इजा करण्यासाठी लागणारी सरकारी परवानगी त्याने माफ होत नाही. न्यायालयांचा कलही आता कडक होत आहे. ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात परवानगीवाचून ४५४ झाडे तोडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये झाडामागे एक लाख रुपये दंडाची शिफारस मान्य केली.

पक्ष्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना धक्का लावणेही येते. बगळे आणि रातबगळे पावसाळ्याच्या सुमारास शहरातल्या मोठ्या झाडांवर वसाहत करून घरटी बांधतात. अशा झाडावर करवत चालविण्यापूर्वी वर पाहणे हा कामाचाच भाग आहे.

यानंतर राहते ती विजेची तार. तारेजवळच्या झाडासाठी २००३ च्या वीज कायद्यात स्वतंत्र व्यवस्था आहे: वीज कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी ते दूर करण्याचा आदेश देऊ शकतात, आणि तार टाकण्यापूर्वीपासून ते झाड तेथे असेल तर मालकाला भरपाईही ठरवू शकतात. कायद्याचा हा भाग क्वचितच लागतो. रोज लागते ती सावधगिरी. ओली फांदी वीज वाहते, ओला दोर वाहतो, अ‍ॅल्युमिनियमची शिडी तर वाहतेच. ‘लाइन बंद केली आहे’ असे कोणी दूरध्वनीवर सांगितले म्हणून वर चढू नये. प्रवाह बंद करून तार जमिनीला जोडल्याचा लेखी परवाना हाती आल्यावरच चढावे, आणि तो परवाना ज्याने घेतला त्याने सर्व माणसे उतरल्याची खात्री करूनच परत करावा.

या माणसाचे संरक्षण कोण करतो, हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुबळा दुवा आहे. कामावर इजा झालेल्याला भरपाई देण्याचा कायदा १९२३ पासून आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो विषय सामावला गेला. ठेकेदार पळाला तर काम करवून घेणाऱ्या मुख्य मालकाला धरता येते, परंतु ते काम त्या मालकाच्या धंद्याचा भाग असेल तर. गृहनिर्माण संस्थेचा धंदा झाडे छाटण्याचा नव्हे, असे म्हणून तिला हात झटकता येतात. आणि ठेकेदार म्हणविणारा गृहस्थ बहुधा स्वतःच दुसऱ्या फांदीवर बसलेला असतो. पडलेल्या माणसाच्या कुटुंबाला मग सभासदांनी गोळा केलेल्या वर्गणीवर भागवावे लागते. हे टाळणे अवघड नाही. संस्थेने ठराव करतानाच त्यात कोणते झाड, कोणती फांदी, परवानगीचा क्रमांक, कामगारांच्या विम्याची प्रत, शिरस्त्राण, कमरपट्टा व दोन स्वतंत्र दोर, खाली रस्ता अडविणारा एक माणूस, एवढ्या बाबी नमूद कराव्यात आणि मजुरी झाडागणिक न ठरविता दिवसावर ठरवावी. महापालिकांनाही आपल्या छाटणीच्या निविदांत हीच कलमे घालता येतील, आणि पावसाळा संपताच, पुढच्या मेची वाट न पाहता, आपल्याच उद्यानांतून या माणसांना तीन कापांची रीत शिकविता येईल. ती शिकायला एक सकाळ पुरते.